कुटुंबसंस्था, सामाजिक एकोपा आणि सार्वजनिक धोरण (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात कुटुंब म्हटले की एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांबरोबर सोयर-सुतक पाळणारे सारे भाऊबंदही त्यात धरले जातात. शासनाच्या लेखी मात्र कुटुंबाची व्याख्या योजनेगणिक बदलते.

भाऊबंदांचे हे वर्तुळ सर्वांत ठळकपणे दिसते ते कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातील पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेण्याची रीत अनेक घरांत आहे आणि हा प्रसाद भाऊबंदांपुरताच असतो. सुरत-नाशिककडे पोटापाण्यासाठी गेलेले भाऊ त्यासाठी गावी येतात, आणि बांधावरून वर्षभर अबोला धरलेल्यांनाही एका पंगतीला बसावे लागते. मुठींच्या या हिशेबात लेकी नसतात. त्यांचा मान आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी होतो. वारसाहक्काचे दुखणे नेमके इथेच आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये व केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा, म्हणजे जन्मतःच वाटेकरी असण्याचा, हक्क दिला, तरी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही कमी नाहीत. भावाभावांत टिकलेल्या एकोप्याची किंमत त्या मोजतात, हे या विषयावरील गौरवपर लेखनात सहसा येत नाही.

लेवा पाटीदार समाजात भोरगाव लेवा पंचायतीचा प्रमुख ‘कुटुंबनायक’ म्हणवला जातो. वैवाहिक तंटे कोर्टाची पायरी चढण्याआधी पंचायतीपुढे नेण्याचा प्रघात आहे.

धोरणामुळे कुटुंबाचा आकारही बदलतो. 2019 च्या पीएम-किसान योजनेत पती, पत्नी व अज्ञान मुले एवढेच कुटुंब मानले जाते आणि वर्षाला 6000 रुपयांचे साहाय्य अशा प्रत्येक भूधारक कुटुंबाला मिळते. त्यामुळे एकत्र नांदणाऱ्या भावांनाही सातबारा आणि खाते वेगळे असणे सोयीचे ठरते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केले. शेतीचा उतारा मात्र बहुधा पुरुषाच्याच नावे राहिला.

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ही व्याख्या अधिकच निर्णायक ठरली. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने सरदार सरोवराच्या विस्थापितांमधील प्रत्येक सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले, त्यामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील बुडित गावांत मुलगा सज्ञान कधी झाला हा जमिनीच्या हक्काचा प्रश्न बनला. 2006 च्या वनहक्क कायद्याने विवाहितांचा दावा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याची तरतूद केली. याच भागातून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे म्हाताऱ्यांना मागे ठेवतात. शिधापत्रिकेच्या देशव्यापी सोयीमुळे आता धान्याचा काही वाटा कामाच्या ठिकाणी आणि उरलेला गावी उचलता येतो.