तळीराम एक, गुन्हे दोन: पायी झिंगणारा आणि गाडी चालवणारा

१ जानेवारीच्या मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘तळीरामांना दणका’ किंवा ‘तळीरामांची झिंग उतरवली’ अशा धाटणीचा मथळा हमखास असतो. बातमीत दंडाचा आकडा येतो, नाकाबंदीचा फोटो येतो आणि वाचणाऱ्याचा असा समज होतो की, दारू पिऊन रस्त्यावर सापडणे हा एकच गुन्हा असून त्याला एकच जबर दंड आहे. प्रत्यक्षात तळीराम या एका शब्दात दोन वेगवेगळी माणसे कोंबलेली असतात. एक जण पिऊन रस्त्यावर गोंधळ घालत असतो, तर दुसरा पिऊन निमूटपणे गाडी चालवत असतो. या घोळामुळे पायी घरी निघालेला माणूस दहा हजारांच्या भीतीने पोलीस दिसताच गल्लीत वळतो आणि गाडीवाला मात्र ‘फार तर चलान येईल, भरून टाकू’ अशा बेफिकिरीने किल्ली फिरवतो. दोघांचाही हिशेब चुकलेला असतो.

काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर पाहिलेला एक प्रसंग या संदर्भात मला नेहमी आठवतो. मोटारसायकलवरून आलेल्या दोघा मित्रांपैकी मागे बसलेला गळा काढून गात होता, त्याच्या एका पायात चप्पल नव्हती आणि तो हवालदारांना ‘साहेब, हॅप्पी न्यू इयर’ म्हणत मिठी मारायला निघाला होता. चालवणारा मात्र शांत होता. त्याने गाडी नीट कडेला घेतली, हेल्मेट काढले, कागद दाखवले. हवालदारांनी यंत्राला नवी नळी लावून ‘फुंका... अजून जोरात’ म्हटले, तेव्हा त्याने न कुरकुरता फुंकले. यंत्रावर चाळिशीचा आकडा आला आणि गुन्हा नोंदला गेला तो त्याच्यावर. गाणाऱ्याला फुटपाथवर बसवून पाणी पाजण्यात आले. बघ्यांपैकी एकाला हा उरफाटा न्याय वाटला आणि त्याने तसे मोठ्याने बोलूनही दाखवले, पण कायद्याच्या दृष्टीने त्यात उरफाटे काहीच नव्हते. गाडीच्या गुन्ह्यात रक्त मोजले जाते, तर रस्त्यावरच्या गुन्ह्यात वागणूक.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार वाहन चालवणाऱ्याच्या किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा पूर्ण होतो. तो डुलत होता का, बोबडे बोलत होता का, त्याच्या हातून अपघात झाला का, हे प्रश्न तिथे गौण आहेत. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपयांपर्यंत दंड होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो १०,००० रुपये झाला आणि दुसऱ्या वेळेस १५,०००. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत आणि पुढच्याला दोन वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. कैद, दंड की दोन्ही, हे न्यायालय ठरवते.

‘न्यायालय ठरवते’ या शब्दांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. सिग्नल तोडल्याचे किंवा हेल्मेट न घातल्याचे चलान जागेवर किंवा मोबाइलवरून भरता येते, कारण ते गुन्हे तडजोडपात्र, म्हणजे ठरलेली रक्कम भरून मिटवता येणारे आहेत. कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे नाकाबंदीवर पैसे भरून मोकळे होता येत नाही आणि प्रकरण लोकअदालतीत नेऊन सवलतही मागता येत नाही. आरोपी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावेच लागते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना अशा चालकाचे लायसन्स ताब्यात घेऊन पुढील कारवाईसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन घातले आहे. ज्याचे पोट गाडीवर अवलंबून आहे, त्याला दहा हजारांपेक्षा हीच शिक्षा जड जाते.

चालकाच्या बाजूनेही कायद्यात एक तरतूद आहे. या कलमाखाली अटक केल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. ती न झाल्यास त्याला कोठडीतून सोडावे लागते. ३१ डिसेंबरच्या रात्री सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर पोलिसांची घाई दिसते, तिचे एक कारण या दोन तासांत आहे.

आता पायी झिंगणाऱ्याकडे वळू. त्याच्यासाठी एक कलम नसून दोन-तीन कायद्यांची गोधडी आहे. सर्वांत जुने ठिगळ भारतीय दंड संहितेच्या कलम ५१० चे होते. नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन इतरांना त्रास होईल असे वागणाऱ्याला २४ तासांपर्यंत साधी कैद किंवा १० रुपयांपर्यंत दंड, असे ते कलम होते. १८६० साली १० रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती, पण आकडा तसाच राहिला आणि बाटलीची किंमत हजारात गेली तरी कायद्यातला दंड दहाच्या नोटेवर थांबलेला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये तो १,००० रुपयांपर्यंत गेला आणि सामुदायिक सेवेचा नवा पर्यायही जोडला गेला. तरीही हा गुन्हा अदखलपात्रच आहे, म्हणजे केवळ या कलमाखाली पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत.

महाराष्ट्रात खरे वजन आहे ते दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ ला. १९४९ चा हा कायदा मूळ मुंबई राज्याचा. आता त्याच्या नावात महाराष्ट्र आहे आणि नावातली दारूबंदी प्रत्यक्षात परवान्यांची व्यवस्था होऊन बसली आहे. कलम ८५ सार्वजनिक ठिकाणच्या तीन अवस्था वेगळ्या काढते: स्वतःवर ताबा राहणार नाही इतके प्यायलेले असणे, नशेत बेशिस्त वागणे आणि दारू पिण्याचा परवाना नसताना प्यायलेल्या स्थितीत सापडणे. पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना खिशात असला की आपण सुरक्षित, असा समज वर्षअखेरीला बारमध्ये सर्रास ऐकू येतो. तो परवाना फार तर तिसऱ्या अवस्थेपुरता कामाला येतो. पहिल्या दोन अवस्थांत तो दाखवून काही साधत नाही आणि गाडीवर असताना तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. बारला पहाटे ५ पर्यंत मुभा असली, तरी ती बारला असते, बाहेर पडणाऱ्याच्या पायांना नव्हे.

दोन कायद्यांतला फरक आकड्यांतही दिसतो. दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६६ नुसार रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल आढळले, तर ते औषधातून वगैरे आले असे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. गाडीसाठी रेषा ३० वर आहे. म्हणजे चौपाटीवरचा तो चाळिशीतला चालक गाडी ढकलत पायी निघाला असता, तर ज्या आकड्याने त्याला गुन्हेगार ठरवले, तोच आकडा दुसऱ्या कायद्याच्या रेषेखाली राहिला असता. उलट नुसत्या दिसण्या-वागण्यावरून नशा सिद्ध करणेही सोपे नाही. तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून माणसाने दारू प्यायली होती असा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बचूभाई करयानी प्रकरणात १९७१ सालीच म्हटले आहे.

अंडाभुर्जीच्या गाडीमागे प्लास्टिकच्या ग्लासात ओतून पिणाऱ्यांचा प्रकार या दोन्हींत बसत नाही. तिथे भुर्जीवाल्यावर दारूबंदी अधिनियमाचे कलम ६८ आणि पिणाऱ्यांवर कलम ८४ लागते. कायद्याच्या नजरेत ती गाडी म्हणजे बेकायदा गुत्ता ठरते. गोव्याने तर पर्यटन स्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती करून किनाऱ्यावर उघड्यावर पिणाऱ्या किंवा बाटल्या फोडणाऱ्या व्यक्तीला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठेवला होता. तिथे माणसाचे रक्त किंवा वागणूक पाहिली जात नाही, फक्त हातातली बाटली पाहिली जाते. मुंबईतल्या दंडाच्या चर्चेत हे आकडे अनेकदा मिसळतात, म्हणून एवढे सांगितले.

दोन गुन्ह्यांच्या सीमेवर काही जागा अवघड आहेत. प्यायलेला माणूस गाडीत शेजारच्या सीटवर झोपला असेल, तर तो चालक नाही, म्हणून कलम १८५ त्याला लागत नाही. पण बिहारच्या दारूबंदी कायद्यासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरच्या खासगी वाहनालाही सार्वजनिक ठिकाण मानले आहे. तो निकाल त्या कायद्यातील व्याख्येपुरता असला, तरी ‘काचा वर आहेत, म्हणजे आपण घरातच’ या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

चौपाटीवरच्या त्या गाणाऱ्या मित्राची बाबही अशीच सीमेवरची होती. गाडी सोडवायला त्याचा भाऊ आल्यावर तो फुटपाथवरून उठला आणि भावाला कौतुकाने सांगू लागला, ‘मीच म्हटलं ह्याला, तू कमी घेतलीयस, तूच चालव.’ हवालदारांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि भावाच्या हातात किल्ली दिली. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८८ नुसार, कलम १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे.