गाडीचं दार हाच स्पीकरचा डबा

मधल्या किंवा खालच्या मॉडेलची हॅचबॅक घेतलेल्या माणसाची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. आवाज वाढवला की गाणं फाटतं, तबल्याची चाट ऐकू येते पण डग्ग्याचा घुमार येत नाही, आणि हायवेला लागलं की गायकाच्या आवाजाखालचं सगळं संगीत नाहीसं होतं. ॲक्सेसरीजच्या दुकानात यावर ठरलेलं उत्तर मिळतं: कंपनीचे स्पीकर काढा, हे तीनशे वॅटवाले बसवा. माझं मत वेगळं आहे. हातात दहा-पंधरा हजार रुपये असतील, तर त्यातला पहिला खर्च स्पीकरवर करू नये, दारावर करावा. त्याचं कारण समजायला थोडं भौतिकशास्त्र पुरतं.

चुंबकीय क्षेत्रात एक तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला शंकू, ही आजच्या स्पीकरची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना मांडली. शंभर वर्षं झाली तरी तुमच्या गाडीच्या दारात हीच रचना बसलेली आहे. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकच स्पीकर पुढून आणि मागून दोन लाटा सोडतो, आणि त्या एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. त्या एकत्र आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात.

कुठल्या लाटा खाल्ल्या जातात, हे तरंगलांबीवर, म्हणजे एका लाटेच्या लांबीवर ठरतं. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर होते, तर ३००० हर्ट्झच्या स्वराची जेमतेम ११ सेंटिमीटर. स्पीकरच्या मागून निघालेली लाट दारातल्या भोकांमधून पुढे यायला वीस-तीस सेंटिमीटरचं अंतर कापते. साडेतीन मीटरच्या लाटेपुढे हे अंतर नगण्य आहे. ती पुढच्या लाटेला उलटीच भेटते आणि खालचा स्वर मरतो. वरच्या पट्टीतल्या स्वरांना हा त्रास होत नाही, कारण त्यांच्या लाटा आखूड असतात आणि शंकूच्या समोरच्या दिशेलाच जास्त जातात. म्हणून कंपनीच्या सिस्टिममध्ये चाट ऐकू येते आणि घुमार येत नाही.

घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो, तो मागची लाट कोंडून ठेवायला. गाडीत हे काम दाराने करायचं असतं. पण दाराचं आतलं पॅड काढून पाहिलं, तर आतल्या पत्र्याला हात घालता येईल एवढी भोकं दिसतात. काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि लॉक बसवायला, दुरुस्त करायला ती ठेवलेली असतात. त्यांच्यावर ताणलेला असतो एक पातळ प्लास्टिकचा कागद. पावसाचं पाणी पॅडवर येऊ नये एवढंच त्याचं काम. आवाजाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि स्पीकर वाजला की तोही थरथरतो. अशा दारात महागातला स्पीकर बसवला, तरी त्याचं अर्धं काम वायाच जाणार.

आपल्या दाराची स्थिती तपासायला पैसे लागत नाहीत. फोनवर स्वर वाजवणारं एखादं फुकट ॲप घ्या. स्टिरिओतले बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) वापरून पुढचा एकच स्पीकर चालू ठेवा आणि ६० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू वर चढा. कुठेतरी दाराचं पॅड, बाटलीचा कप्पा किंवा काच खडखडू लागेल. तिथे तळहात दाबून धरा. खडखड थांबली, तर तो दोष स्पीकरचा नाही. हीच चाचणी काम झाल्यावर पुन्हा केली, की पैसे कुठे गेले ते कानांना कळतं.

आता उपाय. बाजारात ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावलेली डॅम्पिंग शीट मिळते. तिचं काम वजन वाढवणं एवढंच नाही. दाराचा पत्रा कंप पावताना वाकतो, वरचा ॲल्युमिनियमचा थर त्याच्याइतका वाकायला तयार नसतो, आणि मधलं चिकट रबर दोन्हींच्या ओढाताणीत घासलं जातं. त्या घासण्यात कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. अख्खा पत्रा झाकायची गरज नाही. बोटाने टकटक करून जिथे पत्रा डब्यासारखा वाजतो, त्या मधल्या भागात आणि स्पीकरच्या थेट मागे, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, एवढी शीट पुरते. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचा आणि शीट रोलरने घट्ट दाबायची. खाली हवा राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात ती सुटणार.

यानंतर आतल्या पत्र्यावरची भोकं बंद करायची. इथे सर्वांत मोठा फरक पडतो, आणि घाईत काम उरकणारी दुकानं नेमकी हीच पायरी गाळतात. मोठ्या भोकांवर ॲल्युमिनियमचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा ब्यूटाइलने असा बसवायचा, की उद्या काचेची मोटर बिघडली तर काढता येईल. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फट राहू द्यायची नाही. स्पीकरच्या पुढच्या कडेवर फोमची पट्टीही लावायची, म्हणजे आवाज पॅडच्या जाळीतून थेट केबिनमध्ये येईल, पॅड आणि पत्रा यांच्यामधल्या पोकळीत हरवणार नाही. या फोमच्या पट्टीला अगदी थोडे पैसे लागतात, आणि तिचं काम कानाला लगेच जाणवतं.

आपल्या हवामानात काही गोष्टी जपायलाच हव्यात. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला लहान छिद्रं असतात. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तिथूनच बाहेर पडतं. ती बुजली, तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजायला लागेल. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची नको, ती पाणी पिऊन फुगते, प्लास्टिकची घ्या. आणि विदर्भात गाडी उन्हात उभी राहणार असेल, तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मिळणारी स्वस्त डांबरी शीट दारात लावू नका. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती मऊ पडते, ओघळते, आणि तिचा वास केबिनमध्ये भरून राहतो. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तुमच्या गाडीत तो असेल, तर सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय दार सीलबंद करू नये.

दार झालं की मग स्पीकर. इथे डब्यावर छापलेल्या वॅटकडे पाहायचंच नाही. कंपनीचा किंवा बाहेरचा कुठलाही साधा स्टिरिओ गाडीच्या वीजपुरवठ्यावर चालतो, आणि इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टच्या आसपास असतो. तेवढ्या व्होल्टमधून चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ लाटेच्या रूपात जास्तीत जास्त २५ वॅटच्या आसपास देता येतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात आवाज न फाटता मिळतात पंधरा ते वीस. ‘५० वॅट गुणिले ४’ हा आकडा लाट पार चौकोनी होऊन आवाज फाटलेला असतानाचा असतो. म्हणून स्पीकर निवडताना सेन्सिटिव्हिटी पाहा, म्हणजे ठरावीक विजेत तो किती डेसिबल देतो. दर ३ डेसिबलसाठी दुप्पट वीज लागते. त्यामुळे ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला ८८ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट हवेत.

यातून पुष्कळांच्या अनुभवाचा उलगडा होतो. कंपनीच्या स्पीकरचा शंकू हलक्या कागदाचा असतो आणि कमी विजेवर चांगला वाजतो. जाड शंकूचा, जड चुंबकाचा नवा स्पीकर कंपनीच्या स्टिरिओवर लावला, की आवाज चक्क कमी होतो आणि माणूस हिरमुसतो. ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला जास्त वीज पुरवणारं वेगळं यंत्र, घ्यायचा नसेल, तर हलक्या शंकूचा, जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकरच घ्या. मागच्या दारातले स्पीकर बदलू नका. गाणं समोरून यायला हवं, मागच्यांनी फक्त सोबत करायची. सगळा पैसा पुढच्या जोडीवर लावावा, असं माझं ठाम मत आहे.

वायर कापून जोडकाम करू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे कंपनीच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा जोड घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद होत नाही आणि गाडी विकताना जुनं सामान परत बसवता येतं. जोडताना प्लस-मायनस तपासा. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला, की शंकू बाहेर सरकतो किंवा आत जातो. बाहेर सरकला, तर सेलचा प्लस ज्या टोकाला आहे तेच स्पीकरचं प्लस. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर दोघांचे खालचे स्वर परस्परांना मारतात, आणि दारावर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

सहा इंची शंकूबद्दल आणखी एक मुद्दा आहे. आवाजाची लांबी शंकूच्या व्यासाहून कमी झाली, म्हणजे साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर गेलं, की तो आवाज पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. दारातला स्पीकर आपल्या पोटरीकडे तोंड करून बसलेला असतो. त्यामुळे सतारीच्या तारांची चमक आणि गायकाचे ‘स’, ‘श’ पायापाशीच संपतात. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशाच्या आतल्या त्रिकोणात एक छोटा ट्वीटर, म्हणजे फक्त वरच्या स्वरांचा स्पीकर लावला, की गाणं गुडघ्यावरून उचलून समोर काचेपाशी आल्यासारखं वाटतं. ट्वीटरला खालचे स्वर जाऊ नयेत म्हणून त्याच्या तारेत एक कपॅसिटर लागतो. चार ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४००० हर्ट्झखालचा आवाज उतरवत नेतो, ४.७ चा साडेआठ हजारांखालचा. पुढच्या खांबाच्या कव्हरमागे कर्टन एअरबॅग असेल, तर तिथे स्क्रू मारू नका.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याला जवळ, डावा सुमारे ६० सेंटिमीटर लांब. म्हणजे उजवा आवाज पावणेदोन मिलिसेकंद आधी पोचतो. आधी आलेल्या आवाजाच्या दिशेने मेंदू सगळं संगीत ओढून नेतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलं. पुष्कळ नव्या टचस्क्रीन स्टिरिओंमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ची सोय असते. उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर द्या, आणि गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येतो. ही सोय तुमच्या स्टिरिओत आधीपासून असेल, तर सगळ्यात आधी ती वापरून पाहा.

राहिला खालचा स्वर. तो समजायला आधी कानाकडे पाहावं लागेल. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली बेल लॅब्जमध्ये मोजून दाखवलं, की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना फारच कमी दाद देतो. त्यात टायर आणि रस्त्याचा गोंगाट प्रामुख्याने खालच्याच पट्टीत असतो, आणि तो नेमका तेवढाच भाग झाकून टाकतो. मग आपण बेसचं बटण चढवतो. १० डेसिबल चढवले, की त्या पट्टीत दसपट वीज लागते. शंकूची हालचाल तर आणखी कठोर हिशेब मागते: तेवढ्याच आवाजासाठी स्वर निम्म्या कंपनसंख्येवर गेला, तर शंकूला चौपट हलावं लागतं. सहा इंची स्पीकरने मोकळ्या जागेत एक मीटरवर ९० डेसिबल द्यायचे, तर १०० हर्ट्झला त्याला मिलिमीटरभर पुढे-मागे जावं लागतं, ५० हर्ट्झला साडेतीन मिलिमीटर. कंपनीच्या साध्या स्पीकरला एवढी धाव पेलत नाही, आणि फाटतो तो आवाज इथेच. स्टिरिओत हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टीखालचे स्वर अडवणारी सोय असेल, तर दारातल्या स्पीकरना ७०-८० हर्ट्झखाली पाठवूच नका. बेस थोडा कमी होईल, पण बाकीचं सगळं संगीत मोकळं होईल.

त्याखालचं काम सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर करू शकतो. त्याला गाडीची छोटी जागाच मदत करते. केबिनच्या लांबीच्या दुपटीपेक्षा लाट मोठी झाली, म्हणजे हॅचबॅकमध्ये साधारण ७० हर्ट्झच्या खाली, की आवाज लाटेसारखा पसरत नाही, सगळ्या केबिनचा दाबच वर-खाली होतो. काचा बंद असताना स्वर खाली जाताना दर सप्तकाला काही डेसिबलची भेट आपोआप मिळते. म्हणून डिकी भरून टाकणाऱ्या बारा इंची डब्याची गरज मला वाटत नाही.

सबवूफरसाठी तार मात्र चांगलीच हवी. त्याला चालवणारा तीनशे वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात २५ अँपियरहून जास्त ओढतो, आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपियर-तासांची असते, म्हणून इंजिन बंद करून फार वेळ वाजवू नका. स्वस्त किटमधली तार पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, तिचा विरोध तांब्याच्या दीडपट. शुद्ध तांब्याची, आठ चौरस मिलिमीटरची तार मागा. आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणारी तार, गाडीच्या एका बाजूने न्या आणि बॅटरीची तार दुसऱ्या बाजूने. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर जोड द्या. तसं केलं नाही, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमध्ये अल्टरनेटरची शीळ वाढत जाते. आणि फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा, ॲम्प्लिफायरजवळ नव्हे. पत्र्याला घासून तारेचं आवरण कापलं, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कुणाच्याच संरक्षणात नसतो, आणि गाडी तिथूनच पेट घेते.