जुन्या स्पोर्ट्स कारच्या रंगावर कंपाऊंड मारण्यापूर्वी : सांगली-मिरज परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक आमच्या दुकानात येतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : बॉनेट आणि टप पांढरट पडले आहेत, तर कोणते कंपाऊंड, म्हणजे रंगाचा वरचा पातळ थर घासून काढणारी पेस्ट, मारावे? त्यावर आम्ही उलट विचारतो की गाडीवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आहे का, आणि असल्यास तो शाबूत आहे का. काही ग्राहकांना हे आवडत नाही, कारण तोच डबा इतरत्र विनाचौकशी मिळतो. तरीही गाडी पाहिल्याशिवाय जाड कंपाऊंड न देण्याची पद्धत आम्ही सोडलेली नाही, आणि तिचे कारण एकदा नीट लिहून द्यावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

जुन्या गाड्यांवर, आणि लाल, पांढरा, पिवळा अशा साध्या रंगांत त्यानंतरही बराच काळ, सिंगल स्टेज रंग वापरला जात असे. म्हणजे रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात असे. उन्हाने या थराचा वरचा भाग खडूसारखा होतो आणि लाल गाडी गुलाबी दिसू लागते, पण त्याखाली मूळ रंग शिल्लक असतो. अशा गाडीला घरच्या मेहनतीने जी चमक येते ती पाहून मालकालाही आश्चर्य वाटते. नंतरच्या गाड्यांवर, विशेषतः मेटॅलिक रंगांत, खाली रंग देणारा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर नुसताच निस्तेज झाला असेल तर पॉलिशने उजळतो. मात्र त्याचे पापुद्रे सुटू लागले असतील तर कोणतेही कंपाऊंड तो पुन्हा चिकटवू शकत नाही.

ग्राहकांचा वेळ आणि पैसा वाया जातो तो नेमका येथे. पापुद्रा सुटल्याचा पांढरा डाग दुरून उन्हाने पडलेल्या डागासारखाच दिसतो, म्हणून तो घासून जाईल अशा समजुतीने ड्रिलला पॅड लावून सुट्टीचा दिवस त्यावर घालवला जातो. पॅडच्या कडेने पापुद्रा आणखी उचलला जातो, डाग वाढतो, आणि उघड्या पडलेल्या बेस कोटला स्वतःची चमक किंवा ताकद नसल्यामुळे तो झिजून खालचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, दिसू लागतो. शिवाय कंपाऊंडमधील तेलकट अंश सुटलेल्या कडांखाली शिरून बसतो. तो पूर्ण काढला नाही, तर नवा रंग मारताना तेथे गोल खड्डे पडतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. जे काम केवळ बॉनेट रंगवून भागले असते, त्यात मग दोन्ही फेंडरही घ्यावे लागतात. असे बिल करताना आम्हालाही समाधान वाटत नाही.

तपासणी अवघड नाही. गाडी शाम्पूने धुऊन सावलीत घ्यावी आणि डागावर पाणी शिंपडावे. डाग ओला असताना रंग एकसारखा गडद दिसला तर आशा आहे. पण ओल्या पृष्ठभागावरही नकाशासारखी स्पष्ट कड दिसत असेल आणि ती नखाला लागत असेल तर क्लिअर सुटला आहे, आणि तेथेच थांबावे. त्यानंतर दाराखालच्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या कापडाने थोडे बारीक पॉलिश घासावे. कापडाला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज, न लागला तर क्लिअर समजावा. ही चाचणी प्रत्येक भागावर वेगळी घ्यावी, कारण आपल्याकडील जुन्या गाड्या क्वचितच एका हाताने रंगलेल्या असतात. एका फेंडरवर टू-के (हार्डनर मिसळून मारलेला) तर शेजारच्या दारावर एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग सर्रास आढळतो.

किती थर शिल्लक आहे हे मात्र डोळ्यांना कळत नाही. कंपनीतून आलेल्या रंगाची प्रायमरसह एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतकी असते, आणि त्यात क्लिअर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. उन्हापासून संरक्षण देणारा अंश याच थरात असल्यामुळे तो फार पातळ केला तर गाडी आज चमकते आणि पुढे एखाद्या उन्हाळ्यात सोलायला लागते. रंगाची जाडी मोजणाऱ्या आमच्या मीटरवर ३०० मायक्रॉनच्या वर आकडा आला तर तो भाग पूर्वी रंगवलेला आहे असे आम्ही धरतो. त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी असते. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीवर हे मीटर चालत नाही, कारण ते खालच्या धातूपासूनचे अंतर मोजते. फायबर उष्णताही वाहून नेत नाही, त्यामुळे अशा गाडीवर मशीन एका जागी क्षणभरही रेंगाळू देऊ नये.

तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली तर पुढचे काम चिकाटीचे आहे. क्ले बारने, म्हणजे घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, रुतलेली घाण काढावी. आपल्या भागात उसाचे पाचट पेटवल्यावर पडणारी काजळी आणि बोअरच्या पाण्याचे क्षार नुसत्या धुण्याने निघत नाहीत आणि पॅडखाली आले तर ओरखडे पाडतात. कडा आणि उठावदार रेषांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून त्यांवर मास्किंग टेप लावावी. सुरुवात नेहमी सर्वांत बारीक पॉलिशने, दोन फूट चौरसात करावी, आणि तेवढ्याने भागले तर जाड कंपाऊंडचा डबा उघडूच नये. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर काम आटोपावे, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळते. शेवटी मेण लावावे; सिंगल स्टेज रंगाला ते वरचेवर लागते.

जाडीची मोजणी आम्ही विनामूल्य करून देतो आणि प्रत्येक भागाचे आकडे कागदावर लिहून देतो, मग आपण सामान आमच्याकडून घ्या अथवा न घ्या. मोजणीसाठी गाडी मेण किंवा चमक देणारा स्प्रे न लावता आणावी, कारण त्यामुळे बारीक ओरखडे झाकले जातात आणि सल्ला चुकतो. घरी काम करणाऱ्यांना ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड फिरवत असतानाच हलवणारे) पॉलिश मशीन शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळते. ते ड्रिलपेक्षा सावकाश काम करते, आणि नवशिक्याला तेच सोयीचे आहे. पॅड मात्र नवा घ्यावा लागतो, कारण वापरलेल्या पॅडमध्ये आधीच्या गाडीच्या कंपाऊंडचे कण राहतात. म्हणून पॅड आम्ही भाड्याने देत नाही.