न्यूमोनिया की टीबी? एक्स-रेवरच्या पॅचचा घोळ

डिसेंबर लागला की नागपुरात खोकल्याचं खापर थंडीवर, नाहीतर संत्र्यांवर फुटतं. आठवडाभरात ओसरणाऱ्या व्हायरल तापात त्याने काही बिघडत नाही. पण ताप हटत नाही म्हणून एक्स-रे काढला आणि त्यात पॅच, म्हणजे फुप्फुसावर पांढरट डाग, निघाला, की खरा पेच. पॅच न्यूमोनियातही येतो, टीबीतही. टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो हे खरं, पण शुगरच्या रुग्णांत तो खालीही सापडतो. नुसत्या फिल्मवर निकाल देणं धोक्याचं.

त्यापेक्षा आजार कधी सुरू झाला ते विचारा. न्यूमोनियाचा रुग्ण वार सांगतो: मंगळवारी थंडी वाजून 103 ताप भरला, श्वास घेताना एका कुशीत टोचतं, बेडका पिवळा किंवा गंजासारखा. टीबीचा रुग्ण म्हणतो, "दिवाळीपासून असंल." संध्याकाळी कणकण, रात्री घामाने भिजलेली उशी, भूक मेलेली, पँट कमरेत सैल. रक्त पडत नाही म्हणजे टीबी नाही, हा समज मात्र सोडा. कित्येकांना ते कधीच पडत नाही.

न्यूमोनियात घाई असते ती तासांची. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, मूल शांत असताना, पोटाकडे बघून. दोन महिन्यांच्या आतलं बाळ 60, वर्षाच्या आतलं 50, पाच वर्षांपर्यंतचं मूल 40 किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर वाफ देत बसू नका. मोठ्या माणसात श्वास मिनिटाला 30, ऑक्सिजन 94 च्या खाली, बरळणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री मेयो किंवा मेडिकल, ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, गाठावं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. अशा रुग्णाला ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं तर ऑक्सिमीटरच्या आकड्याची वाटही बघू नये.

औषधाचा प्रतिसादही बोलतो. योग्य अँटिबायोटिकवर न्यूमोनियाचा ताप साधारण 48 ते 72 तासांत उतरणीला लागतो. खोकला रेंगाळतो आणि एक्स-रे साफ व्हायला काही आठवडे लागतात, त्याची धास्ती नको. पण इथेच एक गोळी घात करते: लिव्होफ्लॉक्सासिन. मेडिकल स्टोअरमधून पाच दिवसांची नेली तर ती टीबीच्या जंतूलाही अर्धवट मारते. चार दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाही, निदान लांबतं आणि उरलेले जंतू औषधाला जुमानेनासे होऊ शकतात. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप असेल तर आधी बेडका, मग गोळी.

बेडका देण्याचीही रीत आहे. सकाळी काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा. दोन-तीन खोल श्वास घ्या, छातीतून खोकून निघालेलं डबीत घ्या. 2 ते 5 मिली पुरतं. पातळ फेसाळ लाळ दिली तर रिपोर्ट फुकट जातो, आणि बरेच नमुने याच कारणाने वाया जातात. हे काम मोकळ्या हवेत करा, घरातल्या खोलीत नको. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत तरी टीबी सुटला असं नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मागा, या जंतूची जनुकं शोधणाऱ्या बेडक्याच्या तपासण्या. त्यातून रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

न्यूमोनियाचा कोर्स बहुतेकांचा पाच-सात दिवसांत आटोपतो. साधा टीबी सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनमुळे. घाबरून गोळ्या थांबवू नका. महिन्याभरात तब्येत सुधारते आणि नेमके तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. निक्षय पोषण योजनेत, म्हणजे टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेत, उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये मिळतात, त्यासाठी बँक खात्याचा तपशील नोंदणीच्या वेळीच द्या. घरातल्या सगळ्यांची तपासणीही त्याच आठवड्यात उरकावी, पाच वर्षांखालच्या मुलांची आधी.