ड्रॉप स्वर्ल करताना रंग एकमेकांत मिसळत का नाहीत

घरी साबण बनवताना पहिल्यांदा ड्रॉप स्वर्ल, म्हणजे रंगाची धार ओतून साबणात नक्षी उमटवण्याचा प्रकार, करून बघितला तेव्हा साच्यातून जे बाहेर आलं ते बघून घरच्यांनी विचारलं, हा दगड कुठून उचलून आणलास? व्हिडिओत बघताना वाटतं की काय अवघड आहे त्यात, साच्यात पांढरं बॅटर, म्हणजे साबणाचं अजून पातळ असलेलं मिश्रण, ओतायचं, मग दुसऱ्या रंगाचं बॅटर जरा उंचावरून बारीक धारेने त्यात सोडायचं, धार आत घुसते, खाली जाऊन वळते, आणि दुसऱ्या दिवशी वडी कापली की आत पिसासारखे, धुरासारखे आकार दिसतात. माझ्या वडीत एक काळा गोळा होता, पांढऱ्यावर बसलेला. बस.

मग मी हट्टाला पेटलो, आणि नीट होईपर्यंत चार-पाच वेळा केलं तेव्हा लक्षात आलं की खरा प्रश्न वेगळाच आहे. जमलं नाही याचं काय विशेष, जमतंच कसं हे विचारायला हवं. कारण बघा, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे ठीक आहे, पण इथे पांढरं बॅटर आणि काळं बॅटर दोन्ही एकाच पातेल्यातलं, तेच तेल, तेच कॉस्टिक (म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याने तेलाचा साबण होतो), तेच पाणी, फरक फक्त चमचाभर रंगाचा. मग एकात दुसरं ओतल्यावर सगळं राखाडी का होत नाही?

मिसळणं म्हणजे आपण एकच क्रिया समजतो पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे ढवळणं, त्याने रंगाचे पट्टे ताणले जातात, दुमडतात, बारीक होतात. दुसरं म्हणजे विसरण, म्हणजे रंगाचे कण आपले आपण इकडून तिकडे सरकत जाणं. कोणी हात लावला नाही तरी हे दुसरं काम चालूच असतं, फक्त किती वेगाने हा प्रश्न. मी कागदावर अंदाज काढला. रंगाचा कण साधारण १ मायक्रॉनचा धरला, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि बॅटर पाण्यापेक्षा हजारपट घट्ट धरलं, तर त्या कणाला निव्वळ विसरणाने १ मिमी सरकायला तीस-चाळीस वर्षं लागतील! आणि साबण तर दुसऱ्या दिवशी सुरीने कापण्याइतका कडक झालेला असतो. मायकाचे, म्हणजे चमकत्या अभ्रकाच्या पावडरीचे, कण तर याहून कितीतरी मोठे, ते जागचे हलत नाहीत. म्हणून आयर्न ऑक्साइड, अल्ट्रामरीन, कोळशाची पावडर, मायका असले न विरघळणारे रंग घेतले की रेघ जिथे पडली तिथेच राहते, आणि पाण्यात विरघळणारा रंग घेतला की त्याचे रेणू इतके लहान असतात की साबणातल्या ओलाव्यातून ते हळूहळू शेजारच्या रंगात शिरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रेघेची कड फुगलेली दिसते. याला साबणवाले रंग पळाला म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे, तो खरंच पळतो.

म्हणजे विसरणाची भीती नाही. राहिलं ढवळणं.

इथे १८८३ सालचा एक प्रयोग आठवतो. मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स नावाच्या प्राध्यापकाने काचेच्या लांब नळीतून पाणी सोडलं आणि त्याच्या मधोमध रंगीत पाण्याचा एक बारीक धागा सोडला. पाणी सावकाश वाहत होतं तोवर तो धागा नळीच्या टोकापर्यंत सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारखा गेला. वेग वाढवत नेला तेव्हा एका टप्प्यानंतर धागा थरथरला, मोडला, आणि रंग सगळ्या नळीभर पसरला. द्रवाचा वेग, नळीची रुंदी, घनता आणि द्रव किती घट्ट आहे या चार गोष्टींवरून एक आकडा काढता येतो, त्यालाच पुढे रेनॉल्ड्स नंबर म्हणायला लागले. नळीत तो साधारण २००० च्या खाली असेल तर प्रवाह शिस्तीत, त्याच्या बराच वर गेला की गोंधळ. आपली धार नळीतली नाही त्यामुळे तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, पण अंदाज येतो. ५ मिमी जाडीची धार सेकंदाला १ मीटर वेगाने पडतेय असं धरा. पाणी असतं तर हा आकडा ५००० च्या आसपास, म्हणजे पूर्ण धुडगूस. तेच हजारपट घट्ट बॅटर असेल तर आकडा येतो फक्त ५. इतक्या कमी आकड्याला भोवरे टिकूच शकत नाहीत, घट्टपणा त्यांना जन्मतःच गिळून टाकतो, धार आत शिरते, बाजूच्या बॅटरला ढकलते, आणि त्याला ढकलत ढकलत स्वतःही वळते पण फुटत नाही. कापल्यावर जो पिसासारखा आकार दिसतो तो म्हणजे त्या वळण्याचा काढलेला फोटोच समजा.

आता यात एक मेख आहे. भोवरे नाहीत म्हणजे मिसळणार नाही असं नाही, तुम्ही स्वतः काडी घेऊन ढवळत बसलात तर पट्टे बारीक होतच राहणार. समजा १ सेंटिमीटर जाडीचा पट्टा आहे आणि काडीचा एक फेरा त्याला ताणून दुमडतो, म्हणजे जाडी निम्मी होते. दुसऱ्या फेऱ्यात पाव. असं करत सातव्या फेऱ्यात १० मिमीचे १२८ भाग, म्हणजे ०.०८ मिमी. आणि हातातल्या अंतरावरून माणसाच्या डोळ्याला साधारण ०.१ मिमीपेक्षा बारीक रेघा वेगळ्या दिसत नाहीत. म्हणजे पट्टे आत अजून वेगवेगळेच आहेत, भिंगाखाली कदाचित दिसतीलही, पण तुमच्यासाठी तो राखाडी साबण. सात फेरे! प्रत्यक्षात काडीचा प्रत्येक फेरा इतका हिशोबी नसतो, कुठे जास्त ताणतो कुठे कमी, पण अनुभवी मंडळी जे ओरडून सांगतात ना की अजून एकदा फिरवू दे असं वाटलं की काडी खाली ठेव, त्याचं कारण हे आहे. ड्रॉप स्वर्लची गंमत अशी की यात काडी बहुतेक वेळा लागतच नाही, ढवळण्याचं सगळं काम पडणारी धारच करते, आणि एकदाच करते.

म्हणून उंचीला एवढं महत्त्व. ५ सेंटिमीटरवरून सोडलेली धार खाली पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर असतो, ३० सेंटिमीटरवरून सोडली तर २.४ मीटर. उंची चौपट केली की वेग दुप्पट, साधं गणित. जास्त वेगाची धार तळापर्यंत भोसकते, कमी वेगाची वरच्यावर थांबते, त्यामुळे एकाच धारेत हात वर-खाली करत गेलं तर रंग वेगवेगळ्या खोलीवर बसतो. मी सुरुवातीला एकाच उंचीवरून ओतत होतो, सगळा रंग तळाशी जाऊन एक जाड पट्टा, वर सगळं कोरं. शिवाय भांड्याची चोच बारीक हवी, चोच रुंद असेल तर धार नाही, लोंढा पडतो.

एवढं सगळं ठीक, पण घोडं अडतं ते केमिस्ट्रीपाशी. कारण हे जे हजारपट घट्ट बॅटर मी धरून चाललोय ते तसं स्वस्थ बसत नाही. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलला (म्हणजेच ग्लिसरीनला) चिकटलेली तीन फॅटी ॲसिडं, कॉस्टिक सोडा त्यांना सोडवतो, तीन साबणाचे रेणू आणि एक ग्लिसरीन तयार होतं. सुरुवातीला ही क्रिया रडतखडत चालते कारण कॉस्टिक पाण्यात आणि तेल वेगळं, दोघांची गाठ फक्त थेंबांच्या पृष्ठभागावर पडते. हँड ब्लेंडर फिरवला की १ मिमीचे थेंब समजा १० मायक्रॉनचे झाले, तर तेवढ्याच तेलाचा पृष्ठभाग शंभरपट वाढतो. आणि खरी कमाल पुढे आहे, जो साबण तयार होतो तोच तेल-पाण्याला जुळवून ठेवतो, त्यामुळे गाठीभेटी अजून वाढतात, अजून साबण होतो, त्याने अजून वेग वाढतो. म्हणून बॅटर सरळ रेषेत घट्ट होत नाही. बराच वेळ पातळच आहे, पातळच आहे असं वाटतं आणि मग एकदम तोंडचं पाणी पळवतं.

ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की त्याला ट्रेस म्हणतात. ड्रॉप स्वर्लला ट्रेसच्या जेमतेम उंबरठ्यावर थांबायचं असतं. मी स्पॅच्युला तिरपा धरून बघतो, त्यावरून ओघळणाऱ्या थरात तेलाचे चमकते ओरखडे दिसत असतील तर अजून जुळलेलं नाही, अशा वेळी ओतलं तर साच्यात तेल वेगळं होऊ शकतं. ओरखडे गेले, थर एकसारखा, बिनचमकेचा दिसला आणि उमटलेली धार दोन सेकंदांत बुडाली की ब्लेंडर बंद, परत हात लावायचा नाही, रंग पण चमच्यानेच ढवळायचे. इथे माझी पहिल्या वेळी माशी शिंकली होती. एक तर मी ५० अंशाला काम करत होतो, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट, म्हणजे ३० अंशांच्या मानाने माझी गाडी चौपट वेगात. त्यात फुलांच्या वासाचं एक फ्रॅग्रन्स ऑइल घातलं. अशा काही वासांमध्ये असे घटक असतात की ते बॅटरला पळवतात, लवंगेतलं युजेनॉल तर त्यासाठी बदनामच आहे. मिनिटभरात चमचा उभा राहिला. काळ्याची धार कसली, तो गोळा मी चमच्याने खरवडून साच्यात टाकला. अजून एक फसवणूक सांगतो, फार थंड पण चालत नाही. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे बॅटर घट्ट दिसतं पण साबण झालेलाच नसतो, ते खोटं ट्रेस.

म्हणून आता माझी कृती मुद्दाम आळशी आहे. १००० ग्रॅम तेलात ७०० ग्रॅम ऑलिव्ह, कारण ते सावकाश चालतं, २५० ग्रॅम खोबरेल, ५० ग्रॅम एरंडेल, ५ टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवून कॉस्टिक १३९ ग्रॅम आणि पाणी त्याच्या दुप्पट, २७८ ग्रॅम. तेलं बदलली तर कॉस्टिकचा आकडा बदलतो, तेव्हा माझा आकडा उचलू नका, प्रत्येक वेळी साबणाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढा. चष्मा, हातमोजे घालूनच, कॉस्टिक पाण्यात घालायचं, उलट कधीच नाही, आणि ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्ही ३२-३५ अंशांवर आल्यावरच एकत्र करतो. वास घालायचाच तर आधी वाटीभर बॅटरमध्ये घालून पाच मिनिटं बघायचं, एवढी अक्कल दोन बॅच वाया घालवून आली.

रंगांची निवड ही वेगळीच कथा आहे. हळद कॉस्टिकमध्ये पडताक्षणी लालभडक होते, मग साबण मुरत जातो तशी विटकरी-पिवळट होऊन फिकटते. जास्वंदीचा सुंदर लाल रंग मळकट तपकिरी होतो. अल्ट्रामरीन मात्र या तीव्र अल्कलीत मजेत राहतं, ते घाबरतं ॲसिडला. आणि कोणता रंग कोणाशेजारी हा प्रश्न आला की मला हमखास मिशेल शेव्हरूल आठवतो. तेल-चरबीत फॅटी ॲसिडं असतात आणि साबण होताना नेमकं काय घडतं हे ज्याने उलगडलं आणि १८२३ साली ग्रंथरूपात मांडलं तोच हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. पुढे पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख झाला, तिथे तक्रार अशी की काळा रंग फिका पडतोय. शेव्हरूलने तपासलं तर काळ्या रंगात काही खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे डोळ्याला तो तसा दिसत होता! १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. साबण आणि शेजारशेजारचे रंग, दोन्ही विषय एकाच माणसाने सोडवावेत हा योगायोग स्वर्ल करणाऱ्यांसाठी फारच सोयीचा आहे (आणि तो १०२ वर्षं जगला, ते वेगळंच). माझ्या तिसऱ्या बॅचमधला राखाडी रंग निळ्याशेजारी चक्क पिवळट दिसत होता, मला वाटलं तेलाचा दोष, निळा भाग कागदाने झाकला तर तो साधा राखाडीच.

शेवटची बॅच जमली. पांढऱ्याचा तळ, मग काळा, निळा, पुन्हा पांढरा, काळा, असं आलटून पालटून, प्रत्येक रंग एकदा ३० सेंटिमीटरवरून आणि एकदा जवळून. शेवटी शेवटी बॅटर थोडं घट्ट झालेलं, त्यामुळे वरच्या रेघा जाड आणि खालच्या धुरासारख्या, खरं तर हेच जास्त छान दिसतं, ठरवून केलं असतं तर जमलं नसतं. चोवीस तासांनी कापताना अर्धी वडी उभी आणि अर्धी आडवी कापली, आणि एकाच वडीचे दोन वेगळे साबण निघाले, उभ्या कापात लांब पिसं, आडव्या कापात झाडाच्या खोडात असतात तशी वेडीवाकडी वर्तुळं, कारण आत आकार तीन मितींत आहे आणि सुरी त्याचा फक्त एक काप दाखवते.

फक्त प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एक गडद गोल उमटलाय, स्वर्लच्या आरपार, जणू कोणी कप ठेवून उचलला. ते ओतण्यामुळे नाही. साच्यात क्रियेची उष्णता आत साठते, मधला भाग इतका तापतो की काही काळ अर्धपारदर्शक जेलसारखा होतो, कडा मात्र थंड राहतात, आणि गार झाल्यावर तेवढाच भाग वेगळ्या छटेचा दिसतो. पुढच्या वेळी एक तर साचा टॉवेलमध्ये गुंडाळून सगळंच तापू द्यायचं किंवा सरळ फ्रीजमध्ये ठेवायचं. सध्या तुकडे जाळीवर मुरायला मांडलेत, चार ते सहा आठवडे, आणि मी रोज एकदा जाऊन त्या गोलाकडे रागाने बघून येतो.