मेथी आणि मेथ्या: पोटासाठी कोणती, कधी?

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंना मी सहज म्हणाले, "पोट साफ होत नाही ना, मग रोज मेथी खात जा." पंधरा दिवसांनी भेटल्या तेव्हा तक्रार आणखी वाढलेली. खोदून विचारल्यावर कळलं की त्या रोज सकाळी दोन चमचे कोरड्या मेथ्या तोंडात टाकून घोटभर पाण्याबरोबर गिळत होत्या. "तूच म्हणालीस ना, मेथी खा!" मला म्हणायची होती ती आपल्या नाशिकच्या बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मिळणारी हिरवीगार जुडी. त्यांनी उघडला मिसळणाचा डबा. मी अर्धवट सांगितलं होतं, म्हणून आता नीट लिहिते.

रोप एकच. पेरल्यावर महिन्याभरात उपटलं की मेथीची जुडी होते, शेतात उभं ठेवून शेंगा वाळू दिल्या की मेथ्या मिळतात. आपल्याकडची जुडी दिंडोरी, निफाड, गिरणारे या बाजूच्या मळ्यांतून येते. मेथ्यांचं मोठं पीक मात्र राजस्थान आणि मध्य प्रदेशातलं. चव दोन्हींची कडू, त्यामुळे गुणही सारखेच असणार असं वाटतं. पोटात गेल्यावर मात्र दोघींच्या कामात बराच फरक पडतो.

आधी पान. मेथीचं जून देठ चावून पाहा. रस निघून गेला तरी दातांत चोथा उरतो. तो मुख्यतः सेल्युलोजचा. गाय तो पचवते, कारण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. आपल्या पाचकरसांत सेल्युलोज तोडणारं एन्झाइमच नाही. त्यामुळे हा चोथा जठरातून, लहान आतड्यातून जवळजवळ जसाच्या तसा पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पाणी धरून ठेवतो. मळ भरीव आणि ओलसर होतो, आतड्याची भिंत ताणली जाते आणि ताणली गेली की ती आकुंचन पावून मळ पुढे ढकलते. घरातली मोठी माणसं "पालेभाजीने कोठा साफ राहतो" म्हणतात त्यामागे ही साधी यंत्रणा आहे. न विरघळणाऱ्या या चोथ्याला अविद्राव्य तंतू म्हणतात.

आता दाणा. रात्री वाटीभर पाण्यात चमचाभर मेथ्या भिजत घाला. सकाळी दाणे टम्म फुगलेले असतात आणि बोटांत चोळले की बुळबुळीत लागतात. हा बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅननचा, म्हणजे पाण्यात विरघळून दाट होणाऱ्या तंतूचा. गवारीच्या बियांतून निघणारा, आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात तो गवार गमही याच कुळातला. पोटात त्याची जेलीसारखी लगदी होते. जेवण जठरातून सावकाश पुढे जातं, साखर रक्तात हळूहळू उतरते. मधुमेह असलेली माणसं मेथ्यांच्या मागे लागतात ती यासाठीच.

ही लगदी मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जीवाणू तिच्यावर तुटून पडतात. ती आंबवताना ते ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्लं तयार करतात. यातलं ब्युटिरेट मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यावरच मिळवतात. आपण खाल्लेलं आपल्याला पचत नाही, जीवाणूंना पचतं, आणि त्यांनी तयार केलेलं परत आपल्याच आतड्याला पोसतं. याच आंबण्यात वायूही होतो. मेथ्या सुरू केल्यावर पहिले काही दिवस पोट गुडगुडतं ते त्यामुळे.

एवढ्यावरून "पान ढकलतं, दाणा थोपवतो" असं पाठ करू नका. मेथीच्या पानातही थोडे विरघळणारे तंतू असतात आणि मेथ्यांत न विरघळणारेही भरपूर असतात. शिवाय पुरेसं पाणी मिळालं तर मेथ्यांची लगदी मळ मऊच करते. काकूंच्या बाबतीत घात झाला तो पाण्याचा. जो दाणा पाणी ओढून फुगतो, तो कोरडा गिळला आणि वर थंडीमुळे दिवसभर पाणीही बेताचंच प्यायलं, तर पोट सुटण्याऐवजी जखडतं.

आकड्यांनीही गोंधळ होतो. पानात सुमारे 86 टक्के पाणीच, म्हणून 100 ग्रॅम पाल्यात तंतू साधारण 5 ग्रॅम. मेथ्या कोरड्या, त्यांच्या वजनात जवळजवळ निम्मे तंतू. हे वाचून वाटतं, भाजी निवडत बसण्यापेक्षा दाणेच बरे. पण दाणे खाणार किती? चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास. त्यातून मिळतात अडीच ग्रॅम तंतू. पाला ताटात 100 ग्रॅम सहज जातो, कारण तो शिजून मूठभर होतो. प्रौढ माणसाला दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास तंतू लागतात, तेव्हा रोजची भरती भाजी, भाकरी, डाळ, फळं यांतूनच व्हायला हवी. मेथ्या वरची जोड.

पानाचं आणखी एक वेगळेपण आहे. प्रत्येक हिरव्या पानात, जिथे प्रकाशसंश्लेषण चालतं त्या पडद्यांमध्ये, सल्फोक्विनोव्होज नावाची गंधकयुक्त साखर बांधलेली असते. आतड्यातले युबॅक्टेरियम रेक्टालेसारखे काही मोजके जीवाणू ती खाऊ शकतात. म्हणजे पालेभाजीतून चोथ्यासोबत या जीवाणूंचा खास खाऊही जातो. मेथ्यांकडून ही अपेक्षा नको.

शिजवल्याने चोथा नाहीसा होत नाही, नुसता मऊ पडतो, त्यामुळे पीठ पेरून केलेली किंवा डाळ घालून गरगटी केलेली मेथी पोटाला तितकीच कामाची. ज्यांना कच्च्या पाल्याने पोट फुगतं त्यांना गरगटी भाजी जास्त सोसते. माझा खरा आक्षेप आहे तो गाळलेल्या हिरव्या रसाला. सकाळी फिरून आल्यावर लोक श्रद्धेने पेलाभर पितात, आणि ज्यासाठी पालेभाजी खायची तो चोथा गाळणीत राहून कचऱ्यात जातो. कोवळी देठंही टाकू नका. नखाने मोडली की कट्‌कन तुटतात ती सगळी बारीक चिरून भाजीत घाला, मोडताना दोरा निघतो तेवढीच काढा.

मेथ्या घ्यायच्या तर अर्ध्या चमच्यापासून, रात्रभर भिजवून, आणि दिवसभर पाणी नेहमीपेक्षा जास्त. काही दिवसांनी घामाला गोडसर वास येऊ लागला तर घाबरू नका, तो मेथ्यांतल्या सोटोलॉन या द्रव्याचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजच्या मेथ्या नकोत, साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणातही मोठ्या प्रमाणात टाळाव्यात. हरभरा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर जपून, कारण मेथीही त्याच शेंगवर्गातली. उलट, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पानांकडे लक्ष द्यावं. पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर, म्हणून तिचं प्रमाण अचानक वाढवू किंवा तोडू नये. आणि शौचावाटे रक्त, विनाकारण वजन घटणं, अचानक बदललेली सवय असं काही असेल तर मेथी आणि मेथ्या दोन्ही बाजूला ठेवून आधी तपासून घ्यावं.

काकूंनी कोरडे दाणे बंद केले. आता बुधवारी माझ्यासोबत येतात, दोन जुड्या घेतात आणि संध्याकाळी ओट्यावर निवडत बसतात. परवा म्हणाल्या, "देठं घालते गं आता, पण मोठा तांब्या भरून शेजारी ठेवते." पोट आठवड्याभरात रुळावर आलं. संक्रांतीपर्यंत जुडी स्वस्त असते, तोवर तरी त्यांचा हा नेम चालेल.