कोंबडी लंगडतेय: तळव्यात गळू की खवल्यांत किडे?

परसातली कोंबडी एक पाय वर धरून उभी राहायला लागली की बहुतेक घरांत पायाला खोबरेल तेल चोळतात आणि वाट बघतात. दुखणं खवल्यांचं असेल तर तेल खरंच लागू पडतं. पण तळव्यात पू धरला असेल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. तेल चोळण्यात आठवडे जातात आणि संसर्ग आत कंडरांपर्यंत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांपर्यंत), हाडापर्यंत पोचतो. म्हणून औषध शोधण्याआधी पाय उलटा करून बघा.

हे काम रात्री करावं. खुराड्यात बसलेली कोंबडी फारशी फडफड न करता हाती लागते. पंख अंगाशी दाबून तिला काखेत घ्या, कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा आणि तळवा व नडगी दोन्ही नीट बघा. हातमोजे घालाच. तळव्याच्या जखमेतले जिवाणू आपल्या हातावरच्या चिरेतूनही शिरू शकतात.

तळवा सुजलेला, कढत आणि मधोमध काळी, गोल, घट्ट बसलेली खपली दिसली, तर ते बंबलफूट, म्हणजे तळव्यातलं गळू. बहुतेक वेळा त्यामागे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो. तो आसपास असतोच, त्याला फक्त आत शिरायला वाट हवी असते. ती वाट काट्याने होते, खड्याने होते, उंच दांडीवरून सिमेंटच्या कोब्यावर मारलेल्या उडीने होते. पावसाळ्यात खुराड्यातलं तूस ओलं राहिलं की तळव्याची कातडी मऊ पडते आणि काम आणखी सोपं होतं. अंगाने भारी कोंबडे-कोंबड्यांना हा त्रास जास्त. हा आजार एकीकडून दुसरीला सहसा लागत नाही. पण एकाच खुराड्यात दोघी-तिघींना झाला, तर दोष जमिनीत किंवा दांडीत आहे असं समजा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही. तो उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. त्यामुळे दाबून तो निघत नाही, उलट आत सरकतो. घरी ब्लेडने चिरण्याचे सल्ले सर्रास दिले जातात, ते मला अजिबात पटत नाहीत. भूल न देता केलेली ती चिरफाड जनावराला असह्य होते आणि तळव्यात कंडरा, रक्तवाहिन्या अगदी जवळजवळ असतात. सूज थोडी असेल तर पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि गॉज ठेवून पट्टी बांधा. पट्टी रोज बदला, बोटं आवळू देऊ नका. कोंबडीला कोरड्या, जाड तुसावर वेगळी ठेवा. गाठ टणक असेल, सूज बोटांत किंवा वर चढत असेल, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

खवल्यांचं दुखणं वेगळं. तळवा बहुधा ठीक असतो, पण बोटांपासून नडगीपर्यंत खवले उचललेले, खडबडीत, त्यांखाली पांढुरकी भुकटी साचलेली, आणि बहुधा दोन्ही पायांवर. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, माइट नावाचे किडे खवल्यांखाली बिळं करून राहतात, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो आणि शेजारी दांडीवर बसणारीला ते लागतात. म्हाताऱ्या कोंबड्यांत हे जास्त दिसतं. दुर्लक्ष झालं तर बोटं वाकडी होतात, झडतातही.

पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, पुसा आणि व्हॅसलीन किंवा तेल जाडसर थापा, म्हणजे किडे गुदमरतात. काही आठवडे हे दर दोन-तीन दिवसांनी करत राहा. खवले नखाने उपटू नका, खाली रक्ताळतं. रॉकेल किंवा गाडीचं काळं ऑईल तर लावूच नका, कातडी भाजते आणि विष अंगात जातं. एकीला झालं असलं तरी उपचार सगळ्यांना करा, दांड्या घासून धुवा. आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध गुणकारी आहे, पण डॉक्टरांनी मात्रा सांगितल्यावरच. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या. किडे मेले तरी पाय लगेच गुळगुळीत होत नाहीत, जुने खवले गळायला काही महिने लागतात.

कधी दोन्ही एकत्र येतात: माइटने भेगाळलेल्या कातडीतून जिवाणू शिरतात. तेव्हा तळव्याकडे आधी बघायचं.

आणि तळवा, खवले दोन्ही स्वच्छ असूनही लंगडत असेल तर बोटाला दोरा किंवा केस गुंडाळला आहे का ते तपासा. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडली असेल तर मरेक्स या विषाणूजन्य आजाराची शंका घ्या. त्यावर उपचार नाही. लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी टोचतात, तेव्हा पिल्लं विकत घेताना ती टोचली आहे का हे विचारा.